अपसेट प्राइस कुणी ठरवली? सरकारी विक्री आणि सभागृहाच्या चौकशीची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात ‘कारखाना विकला’ अशी बातमी आली की पारावर, गुऱ्हाळावर, दूध संस्थेच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: केवढ्याला? दुसरा प्रश्नही ठरलेला: घेतला कुणी? या दोन प्रश्नांवर महाराष्ट्रात गेली पंधरा-वीस वर्षं रान उठलं आहे. खरी ग्यानबाची मेख मात्र तिसऱ्या प्रश्नात असते आणि तो फार कमी वेळा विचारला जातो. अपसेट प्राइस, म्हणजे ज्याच्या खाली बोली घ्यायची नाही ती किंमत, कुणी ठरवली, कशाच्या आधारावर ठरवली आणि बोली लावणाऱ्यांपैकी ती कुणाला आधीच ठाऊक होती? विधिमंडळ असो की संसद, लोकप्रतिनिधींनी अशा विक्रीची चौकशी केली तेव्हा ती इथे पोचली की नाही, यावरच तिचं यश-अपयश ठरलं आहे.

आधी आपल्याकडची मांडणी. सहकारी साखर कारखाना कागदोपत्री सभासदांचा. पण त्यात राज्य सरकारचं भागभांडवल असतं आणि राज्य सहकारी बँकेच्या वा जिल्हा बँकेच्या कर्जाला अनेकदा सरकारची थकहमीही असते. वारणेला तात्यासाहेब कोरे, इचलकरंजीला रत्नाप्पाण्णा कुंभार यांनी कारखाने उभे केले तेव्हा शेतकऱ्यानं शेअरचे पैसे घातले आणि बाकीचा भार सरकार व बँक यांनी उचलला. चांगल्या दिवसांत ही व्यवस्था सगळ्यांच्या सोयीची होती. कर्ज थकलं की मालक कोण, हे मात्र धूसर होतं. सभासद म्हणतो कारखाना माझा, बँक म्हणते तारण माझं आणि सरकार म्हणतं आम्ही फक्त हमी दिली होती.

या धूसरपणात २००२ चा सरफेसी कायदा आला. बँकेनं साठ दिवसांची नोटीस द्यायची, पैसे आले नाहीत तर तारण ताब्यात घ्यायचं आणि दिवाणी कोर्टात न जाता विकायचं. विक्रीआधी मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत काढून घेणं आणि तिच्यावरून राखीव किंमत, म्हणजे हीच अपसेट प्राइस, ठरवणं नियमांनीच बंधनकारक केलं आहे. २००३ च्या एका अधिसूचनेनं हा अधिकार सहकारी बँकांना मिळाला. तो मुळात देता येतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला. गंमत म्हणजे ५ मे २०२० रोजी ज्या प्रकरणात त्याचा निकाल लागला त्यात एका बाजूला आपल्या कागल तालुक्यातली विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक होती. सहकारी बँका सरफेसी वापरू शकतात, असं घटनापीठानं सांगितलं. तोवर राज्यात कित्येक कारखान्यांचे लिलाव होऊनही गेले होते.

कोल्हापुरानं यातले दोन-तीन प्रकार जवळून पाहिले. पन्हाळा तालुक्यातला आसुर्ले-पोर्लेचा दत्त कारखाना २०१२ मध्ये दालमिया समूहाकडे गेला. चंदगडचा दौलत विकला गेला नाही, भाडेपट्ट्यानं चालवायला दिला गेला. तिसरा प्रकार साखरेचा नाही, पण सरकारी मालमत्तेचाच आहे. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सुरू केलेली शाहू मिल पुढे राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००३ मध्ये बंद पडली. तिची जागा विकण्याऐवजी तिथे महाराजांचं स्मारक व्हावं अशी भावना शहरात इतकी घट्ट आहे की लिलावाचा विषय काढायलाही कुणी धजत नाही. विकलेली, भाड्यानं दिलेली आणि पडून राहिलेली, अशा तिन्ही तऱ्हा एकाच जिल्ह्यात आहेत.

मग विधिमंडळ कुठे होतं? सभागृहाकडे साधनं भरपूर आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, मंत्र्यानं दिलेला शब्द पाळला का हे बघणारी आश्वासन समिती आणि सगळ्यात वजनदार म्हणजे लोकलेखा समिती. पण लोकलेखा समिती चालते महालेखापालांच्या, म्हणजे कॅगच्या अहवालावर. सहकारी संस्थेचं लेखापरीक्षण कॅगकडे नसतं, ते सहकार कायद्याखाली होतं. सरकारनं कारखान्यात किती भागभांडवल घातलं, किती थकहमी भरावी लागली हे कॅगला दिसतं. पण बँकेनं तोच कारखाना कोणत्या मूल्यांकनावर विकला ती फाइल समितीच्या टेबलावर आपोआप येत नाही. माहिती अधिकाराचीही तीच गत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या प्रकरणात सांगितलं की सरकारचा भरीव पैसा नसेल तर सहकारी संस्था ही माहिती अधिकाराखालचं ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाही. म्हणजे सभासदानं वार्षिक सभेत विचारावं, तर तिथे ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात विषय पत्रिका संपते. आणि आमदारानं सभागृहात विचारावं, तर ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे उत्तर तयार असतं.

थेट केंद्र सरकारची मालमत्ता असली की चित्र थोडं वेगळं दिसतं. २००२ मध्ये मुंबई विमानतळाजवळचं सेंटॉर हॉटेल ८३ कोटी रुपयांना विकलं गेलं आणि घेणाऱ्यानं काही महिन्यांतच ते ११५ कोटींना पुढे विकलं. संसदेत गदारोळ झाला, कॅगनं विक्रीच्या पद्धतीवर ताशेरे ओढले. इथे ‘केवढ्याला’ या प्रश्नाचं उत्तर बाजारानंच देऊन टाकलं होतं, म्हणून प्रकरण लोकांना चटकन कळलं. कारखान्याच्या बाबतीत अशी सोपी खूण सहसा मिळत नाही. यंत्रसामग्री जुनी, कामगारांची देणी थकलेली, ऊसबिलं बाकी, जमीन मात्र मोक्याची. अशा मालमत्तेची ‘खरी’ किंमत दोन मूल्यांकक दोन वेगळ्या सांगतील आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील.

नेमक्या याच गुंत्यातून एक संसद बरीच पुढे गेली, ती आयर्लंडची. ती कहाणी इथे सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण कर्ज, तारण आणि सरकारी विक्री ही तिची सगळी पात्रं आपल्या ओळखीची आहेत.

२००८ मध्ये आयर्लंडचा बांधकामाचा फुगा फुटला आणि बँका बुडायला आल्या. सरकारनं २००९ मध्ये कायदा करून नामा नावाची संस्था काढली. या संस्थेनं बँकांकडून बिल्डरांची ७,४०० कोटी युरोंची कर्जं ३,१८० कोटी युरोंना उचलली आणि ती वसूल करण्याचं किंवा विकण्याचं काम सुरू केलं. लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे नामा बहुतेक वेळा इमारती विकत नव्हती, कर्जं विकत होती. पण कर्ज ज्याच्या हाती, हॉटेल आणि जमीनही शेवटी त्याच्याच हाती, हे कारखान्याच्या सभासदाला समजावून सांगण्याची गरज नाही.

उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग, त्याची राजधानी बेलफास्ट. तिथली कर्जं नामानं एकगठ्ठा विकायला काढली. ‘प्रोजेक्ट ईगल’ असं त्या विक्रीचं नाव. मूळ रक्कम सुमारे ४५० कोटी पौंड, विक्री एप्रिल २०१४ मध्ये सुमारे १३० कोटी पौंडांना, घेणारी अमेरिकेची सर्बेरस ही गुंतवणूक कंपनी. त्याआधी पिम्को नावाची दुसरी कंपनी शर्यतीत होती. मार्च २०१४ मध्ये ती बाहेर पडली. कारण असं निघालं की व्यवहार झाल्यावर द्यायच्या सुमारे दीड कोटी पौंडांच्या मेहनतान्यात एक अमेरिकी वकील कंपनी, एक बेलफास्टची वकील कंपनी आणि एक व्यक्ती असे तीन वाटेकरी ठरले होते. ती व्यक्ती नामाच्याच उत्तर आयर्लंड सल्लागार समितीवर काही महिन्यांपूर्वीपर्यंत बसत होती. हे कळूनही नामानं विक्री थांबवली नाही. उरलेल्यांमध्ये ती पूर्ण केली.

२ जुलै २०१५ रोजी आयर्लंडची राजधानी डब्लिन इथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात मिक वॉलेस हे अपक्ष सदस्य उभे राहिले आणि म्हणाले की ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावरच्या एका बँक खात्यात या व्यवहाराचे ७० लाख पौंड गेले असून ते एका राजकारण्यासाठी ठेवले होते. वॉलेस हे स्वतः कर्जात बुडालेले बिल्डर. पुढच्याच वर्षी ते दिवाळखोर ठरले. या आरोपात त्यांचा स्वतःचा राग किती, हे तिथल्या लोकांनीही विचारलंच. पण सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल सदस्यावर कोर्टात दावा लावता येत नाही. आपल्याकडे खासदाराला हे संरक्षण घटनेच्या १०५ व्या आणि आमदाराला १९४ व्या अनुच्छेदानं मिळतं. वॉलेस यांनी त्याचा वापर केला, आणि जे एखाद्या वर्तमानपत्रानं छापलं असतं तर वकिलाची नोटीस आली असती ते नोंदीवर आलं.

यानंतर दोन सभागृहं दोन वाटांनी गेली. बेलफास्टच्या विधानसभेच्या अर्थ समितीनं जाहीर सुनावण्या घेतल्या. तिथे एका साक्षीदारानं थेट तत्कालीन प्रथम मंत्री पीटर रॉबिन्सन यांचं नाव घेतलं. रॉबिन्सन यांनी आरोप साफ नाकारला. पुढे उघड झालं की समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीच त्या साक्षीदाराला साक्ष कशी द्यायची याबद्दल आतून सल्ला दिला होता. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांना आमदारकी सोडावी लागली. तमाशा झाला, हाती फार लागलं नाही. शिवाय नामा ही दुसऱ्या देशाची संस्था. तिचे अधिकारी त्या समितीपुढे आलेच नाहीत, लेखी उत्तरं पाठवून मोकळे झाले.

डब्लिनमध्ये मात्र महालेखापाल आधी कामाला लागले. त्यांच्या सप्टेंबर २०१६ च्या अहवालात कुणी लाच घेतली असं एक वाक्य नाही. त्यात आहे तो टक्क्यांचा हिशेब. पुढच्या वर्षांत या कर्जांतून येणारा पैसा आजच्या किमतीत मोजताना नामा एरवी साडेपाच टक्क्यांचा दर धरत असे. या विक्रीसाठी दहा टक्के धरला. त्यामुळे किमान किंमत खाली आली आणि १९ कोटी पौंडांपर्यंत नुकसान संभवतं, असं महालेखापालांनी लिहिलं. नामानं ते जोरात फेटाळलं. बाजार तेव्हा कसा होता हे हिशेबनिसाला काय कळणार, असा एकूण सूर. पण संसदेच्या लोकलेखा समितीनं हाच धागा धरला. मार्च २०१७ च्या अहवालात तिनं विक्रीच्या नियोजनावर टीका केली. बोलीची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी अर्थमंत्री मायकेल नूनन यांनी सर्बेरसच्या लोकांना भेटणं प्रक्रियेला धरून नव्हतं, असंही नोंदवलं. नूनन यांनी ते मानलं नाही. त्याच वर्षी सरकारनं न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. उत्तर आयर्लंडमध्ये दोघांवर खटला भरण्याचा निर्णय व्हायला २०२० उजाडलं.

नामाचा बचाव सुरुवातीपासून एकच होता. आमच्या बाजूनं सगळं स्वच्छ होतं, काही घडलं असेल तर ते खरेदीदाराच्या बाजूला. ऐकायला पटतं. पण विकणाऱ्याच्या सल्लागार समितीतला माणूस खरेदीदाराच्या वाटेकऱ्यांत निघतो तेव्हा ‘बाजू’ उरतात कुठे?

आपल्याकडे हाच प्रश्न आला तो सभागृहातून नाही, कोर्टातून. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेवरून मे २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त झालं आणि कारभार सरकारनं नेमलेल्या प्रशासकांकडे गेला. नाबार्डची तपासणी आणि सहकार कायद्याच्या कलम ८३ व ८८ खालच्या चौकशा झाल्या. मुख्य आरोप असा होता की कारखान्यांना पुरेशा तारणाविना कर्जं दिली गेली आणि थकल्यावर तेच कारखाने कवडीमोल किमतीत ओळखीच्यांना विकले गेले. घेणारे आणि बँकेच्या संचालक मंडळात बसणारे यांचे लागेबांधे असल्याचं आरोप करणारे सांगत होते, संबंधित नेते ते नाकारत होते. हे सगळं सभागृहातही अधूनमधून गाजलं. पण ज्या पक्षांनी एकमेकांवर तुटून पडायचं, त्या बहुतेकांची माणसं सहकारात एकाच पंगतीला बसलेली. त्यामुळे कोणत्याही समितीनं मूल्यांकनाच्या फाइली मागवून ओळ न् ओळ तपासल्याचं चित्र लोकांपुढे आलं नाही.

२२ ऑगस्ट २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं एका जनहित याचिकेवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. चार दिवसांत पोलिसांनी तो नोंदवला, पाठोपाठ ईडी आली. शरद पवारांचं नाव त्यात आलं आणि निवडणुकीच्या तोंडावर महाराष्ट्राचं राजकारण ढवळून निघालं. जुलै २०२१ मध्ये ईडीनं सातारा जिल्ह्यातल्या, २०१० मध्ये लिलावात विकल्या गेलेल्या जरंडेश्वर कारखान्यावर टाच आणली. तिनं सांगितलेली किंमत साधारण पासष्ट कोटी रुपये. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेची भूमिका मात्र सरकारं बदलली तशी बदलत गेली. २०२० मध्ये तिनं पुरावा नाही म्हणून प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. २०२२ मध्ये आणखी तपास करायचा आहे असं कोर्टाला सांगितलं. २०२४ मध्ये पुन्हा बंद करण्याचा अहवाल दिला. दोन्ही वेळा विरोध झाला तो कोर्टात. आक्षेप घेणाऱ्यांत मूळ तक्रारदार होते, पहिल्या वेळी ईडीही होती. लोकलेखा समिती यात कुठेच नव्हती.