नुकसानीची यादी: आणेवारीपासून विशिष्ट क्रमांकापर्यंत

अवकाळी झाली की नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, बागलाणकडं दोन महिन्यांनी एकच विषय निघतो, नुकसानीचे पैसे त्याला किती आले अन् मला का नाही. हे भांडण आजचं नाही, त्याची मुळं पार इंग्रजांच्या काळात जातात.

1876-78 च्या दुष्काळानंतर फॅमिन कोड म्हणजे दुष्काळात सरकारनं काय करायचं त्याचे नियम आले, 1884 मध्ये तगाईचा कायदा झाला. तगाई म्हणजे मदत नव्हे, कर्जच. पीक किती आलं ते आणेवारीनं, म्हणजे रुपयात किती आणे पीक उतरलं या अंदाजानं ठरायचं, पुढं आणे गेले अन् पैसेवारी झाली, 50 पैशांच्या खाली गेली की गाव टंचाईत. सगळ्या गावाचा एकच आकडा, त्यामुळं यादीचा प्रश्नच नव्हता. पण गारपीट काय गाव बघून पडत नाही, या गटातला (जमिनीच्या तुकड्यातला) द्राक्षाचा घड फुटतो आणि बांधापलीकडं पानही फाटत नाही, म्हणून मग प्रत्येक गटाचा पंचनामा आला, तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक असे तिघं मिळून. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, म्हणतं कोण!)

पैशाची सोय नंतर झाली. 1990 पासून राज्यांना आपत्ती निधी मिळायला लागला, 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं त्याला कायद्याचा आधार दिला. 2015 पर्यंत निम्मं पीक गेल्याशिवाय मदत नव्हती, ती अट 33 टक्क्यांवर आली.

दर मात्र सारखे वरखाली. ऑक्टोबर 2019 ला काढणीच्या तोंडावर पावसानं झोडपलं, नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती राजवट लागली, तेव्हा राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी 8,000 आणि बागांना 18,000 जाहीर केले. 2022 ला राज्यानं केंद्राच्या दराच्या दुप्पट दिले. 26 नोव्हेंबर 2023 च्या गारपिटीनं निफाडचे बाग झोपवले, त्याला बागेचा दर हेक्टरी 36,000 आणि मर्यादा 3 हेक्टर, मे 2025 मध्ये परत 22,500 आणि 2 हेक्टर, मग ऑक्टोबरच्या पॅकेजमध्ये पुन्हा 3 हेक्टर. म्हणजे एका एकराच्या म्हणजे 40 आर बागेला एका जीआरनं (शासन निर्णयानं) 14,400 आणि दुसऱ्यानं 9,000, औषधाच्या दोन फवारण्यासुद्धा निघायच्या नाहीत कधी कधी.

आता खरी गोम. दर सगळ्यांना माहीत असतात, जीआर व्हॉट्सअॅपवर फिरतो, पण कुणाच्या नावावर किती क्षेत्र बाधित दाखवलं ते गावाला कळतंच असं नाही. हल्ली याद्या पोर्टलवर चढतात, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळतो, फार्मर आयडी नसेल तर सेतू केंद्रावर जाऊन अंगठा लावून केवायसी करायची, पैसे थेट खात्यात. मधला दलाल गेला हे चांगलंच झालं. पण त्या क्रमांकावर माणूस फक्त आपलंच स्टेटस बघतो, शेजाऱ्याचं नाही, आणि सामायिक सातबारा असला तर भावाभावांचं संमतीपत्र होईपर्यंत तेही अडकून पडतं. कुठं यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, कुठं फक्त ग्रुपवर पीडीएफ येते अन् दहा मिनिटांत शुभ सकाळच्या फोटोंखाली जाते.

यादी लपली की काय होतं ते जालन्यात दिसलं, 2025 मध्ये तिथं बोगस नावांवर कोट्यवधींचं अनुदान उचलल्याचं निघालं, तलाठी सस्पेंड झाले. गावानं ती नावं आधी वाचली असती तर एवढं लांबलं नसतं असं माझं तरी मत आहे, कारण गावात कुणाला किती जमीन आहे हे शेंबडं पोरगंही सांगतं.

गंमत म्हणजे कायदा आहेच. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 4(1)(ख), त्यातल्या 17 मुद्द्यांपैकी बारावा, अनुदानाची रक्कम आणि लाभार्थींचा तपशील ऑफिसनं आपणहून जाहीर करायचा, आणि सरकार स्वतःच जीआरमध्ये या पैशाला निविष्ठा (बी-खतासारख्या खर्चाचं) अनुदान म्हणतं. 2023 च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम 8 मधली वैयक्तिक माहितीची सूट मोठी केली, त्यामुळं आता 'खासगी माहिती आहे' असं उत्तर यायची शक्यता वाढली. कलम 4 मात्र जसंच्या तसं आहे, तेव्हा तहसीलला अर्ज टाकताना नुसतं 'यादी द्या' न लिहिता हे कलम, मुद्दा आणि जीआरची तारीख टाका.