मुद्रित अँटेना (लघुरूप)

विद्युत्‌रोधक पाटीवरच्या तांब्याच्या थरातून, छापील सर्किटाबरोबरच कोरून काढलेला अँटेना. जुन्या परिभाषेत अँटेनाला ‘आकाशक’ म्हणत. ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेत मराठी घरातला विद्यार्थीही त्याच्या नेहमीच्या रूपाला, म्हणजे पाटीवरच्या तांब्याच्या चौकोनी तुकड्याला, ‘पॅच’ म्हणूनच मोकळा होतो. वायफाय राउटर, लॅपटॉप यांसारख्या उपकरणांत मुद्रित अँटेना सर्रास असतो.

उगमाबद्दल एकमत नाही. ग्रीग आणि एंगेलमन यांनी १९५२ मध्ये सूक्ष्मपट्टी वाहिनी (मायक्रोस्ट्रिप, म्हणजे पाटीवरून संकेत नेणारी तांब्याची पट्टी) मांडली, तेव्हा तिच्यातून होणारे प्रारण (बाहेर निसटणाऱ्या रेडिओ लहरी) हा दोष समजला जाई. याच दोषाचा अँटेना म्हणून उपयोग करण्याची कल्पना देशाँ यांनी १९५३ मध्ये सुचवली. गुटन व बॅसिनो यांचे फ्रेंच पेटंट १९५५ चे. काही लेखक ते देशाँ यांच्या बरोबरीने मांडतात. मात्र कमी क्षयाच्या (शक्ती कमी वाया घालवणाऱ्या) पाट्या सहज मिळू लागेपर्यंत, म्हणजे साधारण १९७० पर्यंत, दोन्ही कल्पना कागदावरच राहिल्या. पुढे मन्सन आणि हॉवेल यांनी प्रत्यक्ष वापरण्याजोगे नमुने केले. कल्पना देशाँ यांची आणि उपयोग या दोघांचा, ही वाटणी अधिक ग्राह्य वाटते. आजच्या राउटरमधला उलट्या एफच्या आकाराचा अँटेना मात्र या वंशातला नव्हे. त्याचे मूळ १९६० च्या सुमारास क्षेपणास्त्रांसाठी झालेल्या कामात सापडते.

आकारमान तरंगलांबीवर ठरते. २.४५ गिगाहर्ट्झला हवेतील अर्धी तरंगलांबी सुमारे ६१ मिमी. १.६ मिमी जाडीच्या एफआर-४ पाटीवर (काचतंतू आणि इपॉक्सीची नेहमीची सर्किट पाटी; तरंग पाटीत किती आखडतो हे ठरवणारा तिचा परावैद्युतांक सुमारे ४.४) पॅचची लांबी २९ मिमीच्या आसपास येते, रुंदी ३७ मिमी. पॅचला संकेत पुरवणारी ५० ओहमची फीड पट्टी सुमारे ३ मिमी रुंद; पॅचच्या कडेचा रोध याच्या कितीतरी पट असल्याने पट्टी खाचेतून आत नेतात. याहून लहान करायचे तर पॅचला खाचा पाडणे, वाट नागमोडी करणे, एक कड ग्राउंडला (पाटीच्या मागच्या तांब्याच्या थराला) जोडणे किंवा ग्राउंडमध्येच फट ठेवणे हे उपाय. आकार घटला की पट्टविस्तार (अँटेना नीट चालतो तो वारंवारतांचा पट्टा) आणि कार्यक्षमता घटते. व्हीलर (१९४७) आणि चू (१९४८) यांनी दाखवलेल्या या मर्यादेतून सुटका नाही. २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ हा वायफायचा पट्टा सुमारे साडेतीन टक्के रुंद आहे, साध्या पॅचला तेवढाही जेमतेम झेपतो. त्यात स्वस्त एफआर-४ चा परावैद्युतांक दर खेपेला सारखा नसतो. तो ४.४ ऐवजी ४.६ निघाला तर अनुनाद (अँटेना सर्वांत चांगला चालतो ती वारंवारता) सुमारे ५० मेगाहर्ट्झने खाली सरकतो आणि संगणकावर चोख दिसलेला आराखडा मेजावर पट्ट्याच्या काठाशी येऊन बसतो.

ग्वाल्हेर येथील माधव तंत्रविज्ञान संस्थेत (स्थापना १९५७) सूक्ष्मपट्टी अँटेनांवर शोधनिबंध झाले आहेत. हाती केलेल्या नमुन्याची पद्धत ठरलेली : आकृती पाटीवर उतरवायची, फेरिक क्लोराइडमध्ये नको ते तांबे विरघळवायचे, एसएमए कनेक्टर (केबल जोडण्याचा छोटा स्क्रूचा जोड) डाख देऊन बसवायचा आणि नेटवर्क अ‍ॅनालायझर या मापकयंत्रावर रिटर्न लॉसचा, म्हणजे अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीच्या आलेखातला, खड्डा शोधायचा. १० डेसिबलची रेषा पार झाली की परत येणारी शक्ती दहा टक्क्यांच्या आत; कार्यक्षमता मात्र यातून कळत नाही, कारण पाटीत उष्णता होऊन गेलेली शक्तीही ‘परत न आलेली’च दिसते. ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ नावाच्या भागातल्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींत ५ गिगाहर्ट्झ सहसा २.४ च्या आधी मावळतो, म्हणून तेथे दोन्ही पट्टे चालवणारा अँटेना सोयीचा. राउटरचे प्लास्टिकचे झाकण बसवले की अनुनाद पुन्हा थोडा खाली उतरतो, त्यामुळे अंतिम मापन झाकणासकटच घेतात.