लष्करी साहित्याचे अनन्य ओळखांकन
लष्करी साहित्याचे अनन्य ओळखांकन : एकाच नमुन्याच्या प्रत्येक नगाला स्वतंत्र, पुन्हा कधीही न वापरला जाणारा क्रमांक देऊन तो यंत्राला वाचता येईल अशा खुणेने त्या नगावरच उमटवण्याची पद्धत. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात ती ‘आययूआयडी’ म्हणून ओळखली जाते व क्रमांकाला ‘यूआयआय’ म्हणतात. नाटोचा १३ अंकी साठा क्रमांक फक्त प्रकार सांगतो, त्यामुळे एकाच जातीच्या दोन पंपांचा तो सारखाच असतो. त्यांतला कोणता पंप दुरुस्तीला गेला होता, हे यूआयआयवरून कळते.

खुणेसाठी डेटा मॅट्रिक्स हे लहान लहान चौरस चौकटींचे द्विमितीय चिन्ह वापरतात. त्याचा उगम सर्वसाधारणपणे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेतील इंटरनॅशनल डेटा मॅट्रिक्स या कंपनीत झाला असे मानतात. काही लेखनात त्याचे श्रेय नासाला दिलेले आढळते. मात्र नासाचे काम चिन्ह रचण्याचे नसून ते थेट धातूच्या भागावर टिकाऊपणे उमटवण्याचे होते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आरंभीच्या आवृत्त्यांतील त्रुटी-दुरुस्तीची पद्धत पुढे मागे पडली. आज ‘ईसीसी २००’ हीच आवृत्ती ग्राह्य असून तिच्यात रीड-सॉलोमन संकेत असतो. त्यामुळे चिन्हाचा काही भाग खरवडला तरी मजकूर परत मिळतो.

अमेरिकी संरक्षण खात्याच्या २९ जुलै २००३ च्या धोरणाने १ जानेवारी २००४ पासूनच्या निविदांना ही अट लागू झाली. ५,००० डॉलर वा अधिक किमतीच्या नगांना, तसेच त्याहून स्वस्त पण अनुक्रमांकाने सांभाळल्या जाणाऱ्या काही नगांना खूण लागते. तांत्रिक नियम ‘मिल-एसटीडी-१३०’ या मानकात आहेत.

यूआयआयच्या रचना दोन. पहिलीत क्रमांक देणाऱ्या संस्थेचा संकेत, उत्पादकाचा संकेत व त्या उत्पादकाच्या सर्व मालात एकमेव असा अनुक्रमांक असतो. दुसरीत मधे भाग-क्रमांक येतो आणि अनुक्रमांक त्या भागापुरता एकमेव असला तरी चालतो. सर्व घटक सलग जोडले जात असल्याने दुसरीत एक खोच राहते : भाग ७७४० व अनुक्रमांक १०५ आणि भाग ७७४०१ व अनुक्रमांक ०५ यांची जोडणी एकच ‘७७४०१०५’ होते. अनुक्रमांकांची लांबी ठरलेली ठेवणे हा यावरचा साधा उपाय. यूआयआयची मर्यादा ५० अक्षरांची आहे. मोकळी जागा व रोमन लिपीतील लहान (लोअर केस) अक्षरे त्यात चालत नाहीत.

चिन्हातील घटक आस्की या संगणकी अक्षर-संकेतावलीतील २९ व ३० क्रमांकांच्या न दिसणाऱ्या विभाजकांनी तोडलेले असतात आणि शेवटी आस्की ४ येतो. नाकारल्या जाणाऱ्या खुणांत बऱ्याचदा खोट येथेच सापडते. छपाईची आज्ञावली विभाजकाऐवजी त्याचे नावच अक्षरांत छापते, किंवा कीबोर्डच्या जागी जोडलेले वाचकयंत्र तो गाळते. चिन्ह डोळ्यांना निर्दोष दिसते, वाचलेही जाते, पण मजकूर नियमात बसत नाही. म्हणून नुसते वाचून न थांबता पडताळणी-यंत्राने मजकुराची मांडणी व छपाईचा दर्जा दोन्ही तपासतात.

खूण चिकटपट्टी, रिव्हेट केलेली पाटी किंवा थेट अंकन यांनी करतात. ठोक्यांच्या ठिपक्यांनी पातळ पत्रा वाकतो, लेझरच्या उष्णतेने ताण सोसणाऱ्या भागाची थकवा-सहनशक्ती घटू शकते, म्हणून अशा जागी अंकनाआधी अभियंत्याची संमती हवी. चिन्हाभोवती किमान एका चौकटीइतकी कोरी कड लागते. नंतर दिलेल्या रंगाने ती झाकली गेली, की वाचकयंत्राला चिन्हाची सीमाच सापडत नाही. खूण बदलली तरी यूआयआय तोच राहतो.

नोंदणी केंद्रीय नोंदवहीत होते. सेवेत आधीच असलेल्या जुन्या नगांना तेथे आभासी, म्हणजे तूर्त नोंदीपुरता, यूआयआय देऊन प्रत्यक्ष खूण पुढच्या मोठ्या दुरुस्तीपर्यंत लांबवता येते. नाटोत याच विषयावर ‘स्टॅनॅग २२९०’ हा करार आहे.