नवोदय, आश्रमशाळा, मनपा शाळा: दहावीच्या निकालाची तुलना करायची कशी?

दहावीचा निकाल लागला की नाशिकमधे फ्लेक्स लागतात आणि पालकांच्या ग्रुपवर सुरू होतं, अमक्या अनुदानित शाळेचा शंभर टक्के, मनपाच्या शाळेचा एवढाच, आश्रमशाळेचं तर विचारूच नका. सगळ्या शाळा सरकारी पैशावर चालतात, मग जिचा निकाल कमी तिथले शिक्षक शिकवत नाहीत असं लोक धरून चालतात. मला हे अजिबात पटत नाही.

आपल्या जिल्ह्यातलं नवोदय घ्या, केंद्र सरकारची निवासी शाळा, दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे ती. सहावीला ८० जागा आणि त्यासाठी जिल्ह्याभरातली पोरं परीक्षेला बसतात, म्हणजे जी आत जातात ती पाचवीतच आपल्या वर्गात पुढे असलेली. पुढे त्यांना दहावीला भारी मार्क पडले तर त्यात शाळेचं किती आणि पोरांचं मुळातलं किती? नुसत्या टक्केवारीवरून ते कळत नाही, आणि त्यात ती परीक्षा सीबीएसईची, आपल्या बोर्डाची नाहीच. मुलं आधीच निवडून घेतल्यामुळे शाळेचा निकाल चांगला दिसतो, याला संशोधक निवडीचा परिणाम म्हणतात.

तो बाजूला काढायची एक छान युक्ती आहे. कटऑफच्या काठावरची मुलं बघायची, एक-दोन मार्कांनी आत गेलेली आणि एक-दोन मार्कांनी बाहेर राहिलेली. ही पोरं हुशारीला जवळपास सारखीच, त्यामुळे पुढे त्यांच्यात जो फरक पडेल तो बराचसा शाळेचा. जोशुआ अँग्रिस्ट (२०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं ते) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या नामांकित सरकारी शाळांवर हे करून बघितलं, २०१४ मधे पेपर आला, आणि काठावरच्या मुलांच्या मार्कांत फारसा फरक सापडलाच नाही. शाळेचं नाव मोठं होतं, पण मुलं आधीपासूनच तशी होती.

आता दुसरं टोक. पेठ, सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेतलं पोरगं, घरी कोकणा नाहीतर वारली बोलणारं, घरात दहावीपर्यंत पोचलेलं हे पहिलंच, आईबाप द्राक्षाच्या छाटणीला निफाड-दिंडोरीकडे गेलेले. त्याने ५५ टक्के मिळवले तर शाळेने त्याला कुठून कुठे आणलं हे कुठल्याच फ्लेक्सवर दिसत नाही!

आकड्यात बघू, आकडे समजण्यापुरते धरलेत. पहिल्या शाळेत १०० मुलं, त्यातल्या ८० जणांचे आईवडील शिकलेले, त्यातले ७२ फर्स्ट क्लास, म्हणजे ९० टक्के. उरलेल्या २० पैकी १०, म्हणजे ५० टक्के. एकूण ८२. दुसऱ्या शाळेत उलटं, शिकलेल्या घरातली २०, त्यातले १९ फर्स्ट क्लास (९५ टक्के) आणि बाकी ८० पैकी ४८ (६० टक्के). एकूण ६७. म्हणजे दोन्ही प्रकारच्या मुलांसोबत दुसरी शाळा सरस, तरी यादीत ती १५ टक्क्यांनी मागे! याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात आणि शाळांच्या तुलनेत तो फार सहज शिरतो.

छोट्या शाळांचं अजून वेगळं. वर्गात २० मुलं असतील तर एक पोरगं नापास झालं की निकाल थेट ५ टक्के खाली, त्यामुळे यादीच्या अगदी वर आणि अगदी खाली दोन्हीकडे छोट्या शाळाच जास्त सापडतात, एका वर्षाच्या निकालावर त्यांना डोक्यावर घेऊ नये आणि शिव्याही घालू नयेत.

आणि पासाची टक्केवारी हे मापच कच्चं आहे. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के होता, २०१९ ला ७७.१० वर आला, २०२० ला परत ९५.३०. एका वर्षात शाळा बिघडल्या आणि पुढच्या वर्षी सुधारल्या असं थोडंच आहे, २०१९ ला भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे मार्क काढले होते आणि नंतर परत आणले. त्यात काही शाळा कच्च्या मुलांना नववीतच थांबवतात किंवा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावतात, मग ती मुलं खासगी म्हणून बसतात आणि शाळेच्या निकालात मोजलीच जात नाहीत. याचा मला खरंच राग येतो, कारण ज्याला शाळेची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच बाहेर ढकलून शंभर टक्के गाठले जातात.

खरं तर बरी तुलना करता येईल असा माल आपल्याकडे आहे. राज्याच्या शिक्षण विभागाच्या सरल पोर्टलवर प्रत्येक मुलाचा आयडी असतो, आणि २०२३-२४ पासून सरकारी, जिल्हा परिषद, मनपा आणि अनुदानित शाळांत प्रथम भाषा, गणित, इंग्रजीच्या पॅट (म्हणजे ठरावीक काळाने घ्यायच्या मूल्यमापन) चाचण्या होतात. पेपर शाळेतलेच शिक्षक तपासतात त्यामुळे ते मार्क थोडे जपूनच घ्यावे लागतील, पण आठवीतले हे मार्क आणि त्याच मुलाचे दहावीचे मार्क जोडले तर कुठल्या शाळेने मुलाला किती पुढे नेलं ते निदान अंदाजाने तरी दिसेल, आणि नववीत गळालेलं पोरगंही त्यात लगेच सापडेल.