द्राक्षाच्या डोळ्यातला डीएनए

तासगाव, पलूस, मिरज या पट्ट्यात द्राक्षाची बाग बी पेरून कोणी लावत नाही. आधी डॉगरीज या वेलीचा खुंट, म्हणजे मुळांकडचा भाग, लावायचा, तो पुरेसा जाड झाला की त्यावर हव्या त्या वाणाची काडी भरायची, म्हणजे कलम करायचे. थॉमसन सीडलेस या वाणात तर पेरण्याजोगे बी धरतच नाही. म्हणजे आज जगात थॉमसनच्या जेवढ्या वेली आहेत, त्या सगळ्या काडीपासून काडी अशाच वाढत आल्या आहेत. इतक्या पिढ्या गेल्या तरी मणी तोच, गोडी तीच. हे कसे जमते, याचे उत्तर डीएनएच्या रचनेत आहे.

फळ धरण्यासाठीच्या छाटणीआधी बागायतदार काडी तपासून घेतात. प्रयोगशाळेत काडीवरचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती कळी, उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तपकिरी लव बाजूला होते आणि आत हिरवट, इवलासा सूक्ष्मघड दिसतो. पुढच्या हंगामाचा माल तिथे आधीच तयार असतो. डोळ्याच्या टोकावर सतत विभागणाऱ्या पेशी असतात. तिथली प्रत्येक पेशी दोन होण्याआधी आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल काढते.

द्राक्षाच्या पेशीत 38 गुणसूत्रे असतात, 19 जोड्या. डीएनएच्या धाग्यावरच्या ठरावीक रेणूंना अक्षरे म्हणू; ती जोडीने असतात. एका संचात सुमारे 50 कोटी अक्षरजोड्या, दोन्ही संच मिळून जवळपास 100 कोटी. दोन शेजारच्या जोड्यांमधले अंतर 0.34 नॅनोमीटर. गुणाकार वहीत करून पाहा. उत्तर सुमारे 34 सेंटीमीटर येते, म्हणजे फुटापेक्षा थोडे जास्त. एवढा धागा नुसत्या नजरेला न दिसणाऱ्या पेशीच्या केंद्रकात, प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो.

हा धागा दुहेरी आहे. दोन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, प्रत्येकीचा कणा शर्करा आणि फॉस्फेट यांचा. कण्यापासून आतल्या बाजूला चार प्रकारचे रेणू येतात, हीच ती अक्षरे: अॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. अॅडेनिनची जोडी फक्त थायमिनशी जमते, दोन हायड्रोजन बंधांनी. ग्वानिनची सायटोसिनशी, तीन बंधांनी. रसायनशास्त्रज्ञ एरविन चारगाफ यांना रासायनिक मोजणीत अॅडेनिन आणि थायमिन सारख्याच प्रमाणात सापडत होते, तसेच ग्वानिन आणि सायटोसिन, त्याचे कारण हेच. 1952 मध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉसलिंग यांनी घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रातून सर्पिलाकार स्पष्ट दिसला आणि एप्रिल 1953 मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी पूर्ण रचना मांडली. फ्रँकलिन यांचे नाव मुलांना या दोघांच्या बरोबरीने सांगायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

हे शिकताना मुले अडखळतात ती साखळ्यांच्या दिशेपाशी. मिरज-तासगाव रस्त्यावर एका बाजूची वाहने तासगावकडे जातात, दुसऱ्या बाजूची मिरजेकडे येतात; दोन्ही साखळ्यांचा रोखही असाच एकमेकींच्या उलट असतो. हे नीट समजले की नक्कल निम्मी समजलीच.

नक्कल सुरू होताना हेलिकेज नावाचे विकर (एन्झाइम) हायड्रोजन बंध तोडून साखळ्या वेगळ्या करते. मग डीएनए पॉलिमरेज जुन्या साखळीवरचे अक्षर वाचून समोर त्याचा जोडीदार बसवते. पण हे विकर नवी साखळी एकाच दिशेने वाढवू शकते आणि सुरुवातीला त्याला आरएनए या डीएनएसारख्याच रेणूचा छोटा तुकडा लागतो. म्हणून एक नवी साखळी सलग तयार होते आणि दुसरी तुकड्यातुकड्यांत. हे तुकडे शोधून काढले रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या जपानी दांपत्याने. आरएनएचे तुकडे काढून तिथे डीएनए भरला जातो आणि लायगेज हे विकर सगळे सांधून टाकते.

वनस्पती आणि प्राण्यांच्या पेशीत हे काम सेकंदाला साधारण 50 अक्षरे या वेगाने चालते. द्राक्षाचे सरासरी गुणसूत्र अडीच कोटी जोड्यांहून मोठे. एका टोकापासून सुरुवात केली तर सहा दिवस लागतील. म्हणून प्रत्येक गुणसूत्रावर अनेक ठिकाणी एकाच वेळी काम सुरू होते आणि काही तासांत संपते.

शेवटी तयार होणाऱ्या दोन्ही रेणूंत एक साखळी जुनी आणि एक नवी असते. हे मेसेलसन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी 1958 मध्ये दाखवले, आणि तो प्रयोग मला आजही जीवशास्त्रातला सगळ्यात देखणा वाटतो. त्यांनी जिवाणू जड नायट्रोजनवर वाढवले, मग हलक्या नायट्रोजनवर आणले. एका पिढीनंतर सगळा डीएनए मधल्या वजनाचा निघाला. दुसऱ्या पिढीत निम्मा मधला, निम्मा हलका. जुना रेणू अख्खा राहून नवा वेगळा बनत असता, तर पहिल्याच पिढीत जड आणि हलका असे दोन वेगळे गट दिसले असते.

पॉलिमरेज स्वतःची चूक तपासते, चुकीचे अक्षर काढून बरोबर बसवते. त्यातून निसटलेल्या चुका दुसरी प्रथिने दुरुस्त करतात. शेवटी साधारण 100 कोटी अक्षरांत एखादी चूक उरते, कधी तीही नाही. थॉमसनचा गुण टिकतो तो यामुळे.

पण उरलेली एखादी चूक डोळ्याच्या टोकावरच्या पेशीत पडली, तर तिथून फुटलेल्या फांदीत उतरू शकते. बहुतेक चुकांनी काहीच बिघडत नाही. काहींनी नशीब बदलते. थॉमसनमध्ये बी का धरत नाही, याचे मूळ 2018 मध्ये एका जनुकातल्या अशाच एका अक्षराच्या बदलात सापडले. त्याने प्रथिनात आर्जिनिन या घटकाच्या जागी ल्युसिन येते. आणि आपल्याकडचा तास-ए-गणेश? तासगाव भागात थॉमसनच्याच बागेत उत्परिवर्तनातून, म्हणजे डीएनएतल्या अशा बदलातून, आलेला हा वाण. शेतकऱ्याच्या नजरेने वेगळी वेल हेरली, काड्या भरल्या, आणि बागाच्या बागा उभ्या राहिल्या.

खुंटाचा डीएनए वरच्या वाणात मिसळतो का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. जोडाच्या वर थॉमसनच्या पेशी, खाली डॉगरीजच्या. अन्नपाणी वरखाली जाते, पण प्रत्येक पेशी आपल्याच डीएनएची नक्कल काढते.

घरच्या बागेत एखाद्या फांदीचे मणी वेगळ्या आकाराचे किंवा रंगाचे दिसले, तर तिला फीत बांधून ठेवा. खत, पाणी किंवा वाढीसाठी फवारलेल्या संजीवकाचा परिणाम असेल तर पुढच्या हंगामात तो बहुधा दिसणार नाही. तिचीच काडी दुसऱ्या खुंटावर भरून तिथेही तसेच मणी आले आणि सलग काही हंगाम येत राहिले, तर बदल डीएनएत झाल्याची शक्यता मोठी. अशी काडी द्राक्ष संशोधन केंद्रात नेऊन दाखवण्यासारखी असते.