देठ मोडून पहा: चिवळ, घोळ आणि नायटी

परवा शेजारच्या काकू गच्चीतल्या कुंडीतून उपटलेली ओंजळभर पालवी घेऊन आल्या. "चिवळ उगवली पहा आपोआप. आज बेसन लावून करते." पानं बारीक, फांद्या मातीला चिकटून पसरलेल्या, रंग लालसर. मी एक देठ मोडला. मोडल्या जागी पांढऱ्या दुधाचा टपोरा थेंब आला. ही चिवळ नव्हती, नायटी होती. तिचा चीक डोळ्यात गेला तर चांगलीच आग होते.

नायटीला दुधीही म्हणतात, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. पुण्या-मुंबईकडे दुधी म्हणजे भोपळा, आपल्या नागपुरात त्याला लौकी म्हणतात. आपला तरोटा कोकणात टाकळा होतो. शेतकरी ज्या हरळीला वैतागतो तीच गणपतीपुढे दूर्वा म्हणून जाते. धुऱ्यावरचं कुरडू तण ठरतं, पण त्याचाच भाऊ कोंबडा आपण नर्सरीतून विकत आणतो. तण ही वनस्पतीची जात नाही. नको तिथे उगवलं की ते तण. म्हणून नाव ऐकून नाही, झाड हातात घेऊन ओळखायचं.

चिवळीचं पान चिमटीत दाबा. ते मांसल लागतं, रस पाण्यासारखा निघतो, आणि पेऱ्यांपाशी बारीक पांढरे केस दिसतात. घोळ तिची थोरली बहीण: पानं मोठी, देठ गुळगुळीत, फूल पिवळं. कुंडीतलं ऑफिस टाइमही याच कुळातलं. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 मध्ये घोळीला 'पोर्टुलाका ओलेरेसिया' हे नाव दिलं. त्यातल्या ओलेरेसियाचा अर्थच भाजीची.

या घोळीवर माझा फार जीव आहे. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, कुंडीतला गुलाब करपतो, आणि फरशीच्या फटीतली घोळ ताजी असते. कारण तिच्या पानात आहे. झाडं पानांवरच्या रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड घेतात, पण रंध्रं उघडली की पाणीही उडून जातं. शिवाय उष्णता वाढली की कार्बन पकडणारं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) चुकून ऑक्सिजनही जास्त पकडायला लागतं. मका आणि ज्वारी यावर तोड काढतात: कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लात बांधतात आणि आतल्या पेशींत नेऊन सोडतात. तिथे त्याची दाटी झाली की रुबिस्को चुकत नाही. याला सी-4 पद्धत म्हणतात. निवडुंगाची रीत वेगळी. तो रंध्रं रात्रीच्या गारव्यात उघडतो, मिळालेला कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपात पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, साठवतो आणि दिवसा दारं बंद करून वापरतो. ही कॅम पद्धत. एरवी झाड यांतली फार तर एकच पद्धत वापरतं. घोळ मुळात सी-4 आहे, पण पाणी तुटलं की कॅमही सुरू करते. 2022 साली येल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की ही दोन्ही चक्रं तिच्या पानात एकाच पेशींत चालतात. रात्री साठवलेलं आम्ल दिवसा सरळ सी-4 च्या साखळीत शिरतं.

हल्ली मोबाइलवर हिला 'सुपरफूड' म्हणून फिरवतात, चार दिवसांत शुगर जाते असंही सांगतात. भाजी म्हणून ती उत्तम आहे, ओमेगा-3 इतर पालेभाज्यांपेक्षा जास्त आहे, पण हा साखरेवरचा उपचार नव्हे. मुतखड्याला कारण ठरणारं ऑक्झलेटही भरपूर असतं, त्यामुळे मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बेतानंच खावी.

काकूंच्या कुंडीत आता खरी घोळ लावली आहे. पावसाळा सरला की आठवडाभर पाणी द्यायचं नाही असं आमचं ठरलंय. मग पहाटे एक पान चावायचं आणि दुपारी चारला दुसरं. पहाटेचं पान जास्त आंबट लागायला हवं, कारण रात्रभर साठलेलं आम्ल तेव्हा पानातच असतं.