श्वान-अस्थिकर्करोगातील सूक्ष्म-आरएनए

कुत्र्यांच्या हाडांतच उगम पावणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे ८५ टक्के ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा मांसकर्क, या प्रकारचे असतात. या अर्बुदाची, म्हणजे कर्करोगाच्या गाठीची, आक्रमकता आणि त्याचे फुप्फुसांत पसरणे यांच्याशी सुमारे २२ न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीतील एकेक कडी) लांबीच्या, स्वतः कोणतेही प्रथिन न घडवणाऱ्या आरएनए रेणूंचा संबंध आढळला आहे. त्यांना सूक्ष्म-आरएनए म्हणतात. प्रस्तुत नोंद त्यांच्यापुरती आहे.

रोग मुख्यतः मोठ्या व महाकाय जातींचा: ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, आयरिश वुल्फहाउंड, ग्रेहाउंड. पुढच्या पायात तो कोपरापासून दूरच्या टोकांना, तर मागच्या पायात बहुधा गुडघ्याच्या आसपास होतो. निदानाच्या वेळी छातीचे क्ष-किरण चित्र बहुधा स्वच्छ असते. तरी जवळजवळ ९० टक्के कुत्र्यांत रोगपेशी तोवर फुप्फुसांत पोचलेल्या असतात, असे मानले जाते. नुसता पाय कापल्यास मध्यक आयुर्मान (निम्मी कुत्री जेवढे जगतात तो काळ) चार-पाच महिने, जोडीला कार्बोप्लॅटिनसारखी कर्करोगविरोधी औषधे दिल्यास दहा-बारा महिने. पण हा मध्यक झाला. काही कुत्री दोन वर्षेही काढतात. ती कोणती, हे आधी ओळखण्याच्या धडपडीतून संशोधक सूक्ष्म-आरएनएकडे वळले.

या रेणूंचा शोध कधीचा धरावा याबद्दल एकमत नाही. व्हिक्टर ॲम्ब्रोस व गॅरी रव्हकन यांच्या गटांनी १९९३ मध्ये एका सूत्रकृमीतील लिन-४ या रेणूचे कार्य उलगडले. पण पुढची सहा-सात वर्षे ती त्या कृमीचीच खासियत समजली गेली. २००० मध्ये लेट-७ सापडला आणि तो माणसासह अनेक प्राण्यांत जसाच्या तसा आढळला. सूक्ष्म-आरएनए हे नाव रूढ झाले ते २००१ पासून. म्हणून काही अभ्यासक या शाखेचा आरंभ २०००-०१ असा धरतात. मूळ निरीक्षणाला मान द्यायचा तर १९९३ हेच वर्ष अधिक योग्य ठरते. २०२४ चे नोबेल पारितोषिकही त्याच कामाला मिळाले. कर्करोगाशी पहिला स्पष्ट दुवा २००२ मधला, मानवी रक्तकर्करोगातला. कुत्र्यांतील कामाला गती आली ती टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर.

सूक्ष्म-आरएनए हा संदेशक आरएनएच्या (जनुकातील प्रथिनाची कृती वाहून नेणाऱ्या रेणूच्या) शेपटाकडील भागाला चिकटतो आणि प्रथिननिर्मिती रोखतो. जुळणी मुख्यतः दुसऱ्या ते आठव्या न्यूक्लिओटाइडची लागते. जुळणी एवढी तोकडी असल्याने एकच रेणू शेकडो जनुकांना लगाम घालू शकतो. त्यामुळे ‘अमुक रेणू कर्करोग घडवतो’ असे विधान सहसा अर्धेच खरे असते.

श्वान-मांसकर्काबाबत तीन निष्कर्षांचा उल्लेख वारंवार येतो. पहिला मिर-९ चा (‘मिर’ हे सूक्ष्म-आरएनएचे लघुरूप): २०१६ मधील एका अभ्यासात तो अर्बुदात वाढलेला आढळला. अस्थिजनक पेशींत तो वाढवला असता त्यांची स्थलांतर व आक्रमण करण्याची क्षमता वाढली, मात्र पेशींची संख्यावाढ बदलली नाही. दुसरा मिर-३४ए चा. एरवी पी-५३ हे कर्करोगाला रोखणारे प्रथिन त्याला चेतवते. अर्बुदात तो घटतो आणि पेशींत पुन्हा भरल्यास त्यांची आक्रमकता कमी होते. तिसरा एका समूहाचा आहे. मानवी १४ व्या गुणसूत्रावरील क्यू-३२ पट्ट्यातील अनेक सूक्ष्म-आरएनए मांसकर्कात एकदम मंदावतात. त्यांतील मिर-१३४, मिर-३८२ इत्यादी सी-मिक या पेशीवाढ चेतवणाऱ्या जनुकाला आवर घालणारे आहेत. कुत्र्यातील समकक्ष पट्ट्यातही घट दिसते, आणि घट जितकी जास्त तितके आयुष्य कमी, असा कल २०१३ मध्ये नोंदला गेला. दोन वेगळ्या प्राण्यांत एकच खूण दिसत असल्याने तिन्हींत हा पुरावा अधिक वजनदार वाटतो.

रक्तातील मोजणीबाबत इतके निश्चिंत राहता येत नाही. रक्तातील मिर-२१४ जास्त असल्यास आयुष्य कमी आणि मिर-१२६ जास्त असल्यास अधिक, असे २०१९ मध्ये नोंदले गेले. परंतु नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातील मिर-१६ व मिर-४५१ द्रवात मिसळतात. आणि तुलनेचे माप म्हणून मिर-१६ च धरला असेल तर सगळा हिशेबच चुकतो. अर्बुदाच्या तुकड्याची अडचण वेगळी. काप घेता यावेत म्हणून हाड मऊ करण्यासाठी तीव्र आम्लात ठेवले की आरएनए तुटतो. हाडातील कॅल्शियम हळूहळू काढणारे ईडीटीए हे रसायन सौम्य, पण आठवडे घेणारे. सूक्ष्म-आरएनए आखूड व प्रथिनाला बिलगलेला असल्याने लांब संदेशकांपेक्षा अधिक टिकतो, हे त्यातल्या त्यात सुदैव. शिवाय ‘निरोगी हाड’ म्हणून जो तुकडा तुलनेला घेतात, त्यात निम्म्याहून अधिक मज्जाच असू शकते.

उपचार म्हणून मिर-३४ए माणसांत देण्याचा पहिला प्रयत्न गंभीर प्रतिकारजन्य दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावा लागला.

सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सातारा, कराड, सांगली, मिरज येथील घरांत आता रॉटवायलर व जर्मन शेफर्ड सर्रास दिसतात. मोठे कुत्रे लंगडू लागले की ‘लचक भरली’ म्हणून आठवडे जातात. निदान क्ष-किरण चित्र व ऊतकपरीक्षेवरच होते; सूक्ष्म-आरएनएची चाचणी नेहमीच्या वापरात आलेली नाही. माण, आटपाडी, जत भागांतील कारवानी कुत्रे ग्रेहाउंडसारखेच लांब पायांचे, दृष्टीने सावज टिपणारे. पण त्यावरून त्याचा धोका ग्रेहाउंडइतकाच धरणे योग्य नव्हे. २०१३ च्या जीनोमव्यापी अभ्यासात ग्रेहाउंड, रॉटवायलर व आयरिश वुल्फहाउंड यांतील जोखमीच्या ३३ जागा सापडल्या, त्या बव्हंशी एकेका जातीपुरत्याच होत्या.